सोमवारची गोळी

राजे गेले, साहेब गेले. पण ज्याच्यापुढे भल्याभल्यांनी मुकाट्यानं हात पुढे केला, असा या पृथ्वीतलावर मी एकटाच. बांगड्या भरणारा कासार सोडला तर.

मित्रांनो, मी एक जुना रक्तदाबमापक आहे. पाऱ्याचा. लोक मला बीपीची मशीन म्हणतात. माझी घडण साधी: एक काचेची नळी, एक पट्टा, एक रबरी फुगा आणि पोटात शुद्ध पारा. खोटं बोलायची सोय मला दिलेली नाही. ती सगळी माणसांना दिली आहे, हे मला वर्ध्याच्या दुकानातून बाहेर पडल्यावर कळलं.

एकोणीसशे चौऱ्याण्णव साली मी सिंदी मेघेत महादेवरावांच्या घरी आलो. महादेवरावांचं घराला लागूनच किराणा दुकान. डॉक्टरांनी त्यांना बीपी सांगितलं होतं आणि बजावलं होतं: गोळी रोज घ्या, मीठ-तेल कमी करा, तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडा, पायी फिरा. त्यांची सून मोहिनी दवाखान्यात नर्स होती. तिनंच मला घरी आणलं.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू वाहिलं. यंत्राची पूजा करायची आणि यंत्राचं ऐकायचं नाही, हे फक्त माणसालाच जमतं.

महादेवराव फिरायला जाऊ लागले. म्हणजे असं, की स्कूटरनं पवनारच्या रस्त्याला जायचं, गाडी उभी करायची आणि तिथून टपरीपर्यंत पायी चालायचं. टपरीवर आलूबोंडा. आलूबोंड्यावर तेलाचा तवंग असलेली लाल तर्री. सोबतीला ऑटोवाला तानबा, आणि वरून दोघांत एक खर्रा. इकडे गोळीनं आपलं काम केलं आणि पारा खाली आला. त्याचं श्रेय महादेवरावांनी फिरण्याला दिलं.

पण त्यांची खरी विद्वत्ता दिसायची उपासाच्या दिवशी.

"मामाजी, गोळी घेतली का?" मोहिनी विचारायची. सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात.

"आज सोमवार हाये न बाई. गोळीत काय टाकते कोनाले माहीत! उपास मोडते."

"अन् हे काय खाऊन राह्यले मंग?"

"साबुदान्याची उसळ. उपासाचीच हाये. शेंदेलोण टाकलं हाये, साधं मीठ नाई."

म्हणजे देवाला तूप चालतं, मूठमूठ दाणे चालतात, तळलेले आलूचे चिप्स चालतात, शेंदेलोण नावाचं मीठही चालतं. वाटाण्यापेक्षा लहान गोळी मात्र चालत नाही! सोमवार झाला की चतुर्थी, चतुर्थी झाली की एकादशी, आणि श्रावणात तर गोळ्यांची पुडी देव्हाऱ्यामागेच जायची. दुसऱ्या दिवशी मी चढलेला पारा दाखवायचो. महादेवराव म्हणायचे, "मशीन बिघडली वाटते." मी! बिघडलो!

दोन हजार एकच्या श्रावणात, एका सोमवारी दुपारी, महादेवराव दुकानात छाती धरून खाली बसले. कपाळावर घाम, डावा हात जड. तानबा समोरच होता. त्यानं तपासल्याशिवायच निदान केलं.

"गॅस हाये हा. सोडा पाजा ह्यायले."

"पाज," महादेवराव कसेबसे म्हणाले. "सोडा उपासाले चालते."

मोहिनी धावत आली. मला त्यांच्या दंडाला बांधलं, पारा पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. तिनं दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, अ‍ॅस्पिरिनची गोळी चावायला द्या आणि आहेत तसे घेऊन या. तिनं गोळी पुढे केली. मित्रांनो, त्या माणसानं तोंड मिटून घेतलं. प्राण जायला निघाले होते, पण उपास जागेवर होता.

तेव्हा आतून मंदाबाई आल्या. महादेवरावांच्या पत्नी. हाताला पीठ.

"काऊन तोंड उघडत नाई हो?"

"उपास..."

"तुमचा उपास ना? द्या इकडे. आजपासून तुमचे सारे उपास मी धरतो. देवानं इचारलं त सांगजा, बायकोले देऊन आलो. घाला तोंडात!"

महादेवरावांनी गोळी चावली. तानबाचा ऑटो वर्ध्याकडे सुटला. थोडा उशीर झाला असता तर उपायच नव्हता, असं डॉक्टर नंतर म्हणाले.

महादेवराव वाचले आणि असह्य झाले. खर्रा सुटला, गोळी रोजची झाली, स्कूटर घरी राहू लागली. इथवर ठीक. पण आता ते गिऱ्हाइकाला तेलाचा पिपा देताना कमी तेल खाण्यावर व्याख्यानही देऊ लागले.

आणि मंदाबाई? स्वतःचे उपास होतेच, त्यात नवऱ्याचे आले. अर्धा आठवडा उसळ, दाणे आणि चिप्स. एक दिवस चुलीपाशी त्यांना भोवळ आली. मोहिनीनं पट्टा बांधला. सात वर्षं मी त्या घरात होतो, गल्लीतल्या प्रत्येकाचा हात धरला होता. मंदाबाईंच्या दंडाला लागलो तो त्या दिवशी पहिल्यांदा. पारा चढतच गेला.

"आत्याबाई, डोकं कधीपासून दुखते?"

"दुखतेच बाई ते. बायामानसाचं डोकं दुखाले त असते."

त्यांनाही गोळी सुरू झाली. पुढचा दिवस नेमका सोमवार.

महादेवराव स्वतः माठातलं पाणी घेऊन आले. त्या घरात हे पाणी आजवर त्यांच्याकडे चालत जायचं.

"घे मंदे, गोळी."

"आज सोमवार हाये. अन् उपास तुमचाच हाये."

"मंग माया उपास मले वापस दे."

"दिल्यावर वापस भेटत नाई."

"बरं, मंग दोघंई गोळी खाऊन उपास करू. देवाले मी सांगतो."

"तुमचं आयकते देव?"

"नाई आयकत," महादेवराव म्हणाले. त्यांनी पेला पुढे केला. "तू त आयक."

मंदाबाईंनी पेला हातात घेतला. मग गोळी घेतली.

पुढे सेलवर चालणारी मशीन आली आणि मी शिलाई मशीनखाली गेलो. मित्रांनो, जाता जाता उपदेश करायची आमच्यात रीत आहे. गोळी सोडायची ती डॉक्टरांना विचारून, पंचांगाला नाही. छातीत दुखलं तर सोडा शोधू नका, दवाखाना शोधा. आणि घरात जी सगळ्यांना वाढते, तिच्या दंडालाही कधी पट्टा बांधा. तुम्ही हे ऐकणार नाही, याची मला पूर्ण खात्री आहे. माणसंच ना तुम्ही.

म्हणून फक्त एवढंच मागतो: माझा रबरी फुगा मोटारीचा भोंगा समजून दाबू नका. त्यातून आवाज येत नाही, आणि मला उगाच ओशाळल्यासारखं होतं.