बाकुलीला मागणी

बाकुली गेल्यानंतरच्या तीन वर्षांत गावातल्या बऱ्याच जणांच्या स्वप्नात येऊन गेली. आप्पे विकणाऱ्या बोदोच्या रांगेत ती मध्येच घुसली. बेताफूच्या बसमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून त्याला चुकीचे रस्ते दाखवत राहिली. चर्चच्या पाळकांच्या बायकोला तिनं एक विनोद सांगितला. तो काय होता हे त्या बाई अजून कुणाला सांगत नाहीत, पण आठवला की शालीचं टोक तोंडावर धरतात. फक्त नुरूच्या स्वप्नात ती आली नाही. नुरू तिची एकुलती एक मुलगी.

"काल परत आली होती गं तुझी आई," बोदो साच्यातले आप्पे उलटत म्हणायची.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बोदो, तुझे आप्पे अजून आतून कच्चेच."

"आणखी?"

"आणखी काय. हसली आणि गेली."

नुरू कागदात बांधलेले आप्पे घेऊन दूध केंद्राकडे चालू लागायची. पहाटे भातखाचरांवरून धुकं उठायचं. त्यातून आधी कॅनचा खडखडाट यायचा, मग सायकल दिसायची, मग सायकलवरचा माणूस. ती प्रत्येकाच्या दुधात लॅक्टोमीटर सोडायची. काचेची ती नळी जरा वेळ डुलायची आणि एका जागी ठरायची. अकरा वर्षं हेच काम केल्यामुळे दुधातलं पाणी तिला नळी ठरायच्या आधीच कळायचं.

आई स्वप्नात यावी म्हणून तिनं जमेल ते करून पाहिलं. आईची गवती टोपी उशाशी घेऊन झोपली. रविवारी दुपारी टेकडीवर कुळाच्या थडग्याशेजारच्या गवतात पडून राहिली. डोळा लागला की स्वप्नात दूध उतू जायचं, शेपूट नसलेला एक कुत्रा तिच्यामागून चालायचा. एकदा जिन्यात पावलं वाजली. नुरूनं स्वप्नातच धावत जाऊन दार उघडलं, तर दारात हेरी, तिचा नवरा, कॉफी झाली का म्हणून विचारत उभा. उठल्यावर तिनं त्याच्याशी संध्याकाळपर्यंत अबोला धरला. बिचाऱ्याला कारण कळलं नाही.

हे सगळं घाईचं होण्याचं कारण ऑगस्ट. सहा वर्षांनी थडग्याचं दार आता पुन्हा उघडायचं ठरलं होतं आणि जोतिष्यानं तिसऱ्या आठवड्यातला दिवस काढून दिला होता. आत निजलेल्या सात जणांना बाहेर आणायचं, नव्या रेशमात गुंडाळायचं, मांडीवर घेऊन घरच्या खबरा सांगायच्या, खांद्यावर घेऊन नाचायचं आणि पुन्हा आपापल्या फळीवर झोपवायचं. बाकुली त्या सातांत नव्हती. ती दोन दिवसांच्या वाटेवर, माहाजंगाच्या बंदरात, परक्यांच्या जमिनीत पुरलेली होती. दूर पुरलेल्या माणसाला घरी यायचं असेल तर ते घरच्या कुणाच्या तरी स्वप्नात येतं आणि म्हणतं, मला थंडी वाजते आहे. नुरूचा मामा रझाका, कुळातला सगळ्यांत मोठा, या नियमाच्या बाहेर बोटभरही जायला तयार नव्हता.

"बोदोच्या स्वप्नात आली ते चालणार नाही का, मामा?"

"बोदो आपल्या कुळातली आहे? आणि आप्पे कच्चे आहेत हे सांगायला मेलेलं माणूस कशाला हवं? ते गावाला ठाऊक आहे."

या वेळी दार बंद झालं की पुन्हा सहा वर्षं. तोपर्यंत माहाजंगातल्या त्या मातीत आईचं काय उरेल, याचा हिशेब नुरू रोज दूध मोजताना करायची.

बाकुली मागणीची भाषणं करायची. मुलाकडचे मुलगी मागायला जातात तेव्हा त्यांच्या वतीनं बोलणारा वक्ता असतो, मुलीकडूनही एक असतो, आणि दोघं म्हणींच्या काठ्या घेऊन तास-दोन तास खेळतात. हे काम पुरुषांचं. बाकुलीनं गवती टोपी चढवली आणि सुरू केलं. कोंबड्यांसमोर उभी राहून ती सराव करायची; नुरू पायरीवर बसून ऐकायची आणि कोंबड्यांच्या वतीनं उत्तरं द्यायची. आधी लोक हसले. मग लांबच्या गावांतून बोलावणी येऊ लागली, कारण बाकुलीनं मागितलेल्या मुलीला नकार आला असं कधी झालं नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी ती आठ आठ दिवस घराबाहेर असायची. नुरू दहा वर्षांची असताना ती एका नाचगाण्याच्या मंडळीबरोबर, त्यांच्यातल्या ढोल वाजवणाऱ्याबरोबर, माहाजंगाला गेली ती गेलीच. नुरूचा बाप गरीब स्वभावाचा. वर्षभर वाट बघून त्यानं दुसरं लग्न केलं. नुरूला ललाऊ मावशीनं वाढवलं.

नुरूच्या मागणीच्या दिवशी मात्र बाकुली दोन दिवस बसमध्ये बसून आली. धूळ झटकली आणि कुणी विचारायच्या आत मुलीच्या वतीनं बोलायला उभी राहिली. मुलीकडच्यानं मुलीची तारीफ करायची असते. बाकुली म्हणाली, "आमची मुलगी घोरते. रागावली की बोलत नाही. आणि दहातल्या नऊ वेळा तिचंच बरोबर असतं. एवढं सोसवत असेल तर न्या." हेरीकडचे लोक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हेरी अजूनही ते वाक्य म्हणून दाखवतो. नुरू वर्षभर आईशी बोलली नाही. पुढेही फोनवर जेवढ्यास तेवढंच. मरायच्या महिनाभर आधी बाकुलीनं फोन केला होता, "ये ना गं, समुद्र तरी बघ." नुरू म्हणाली, "दुधाचा हंगाम संपू दे." मग वादळं आली, रस्ते वाहून गेले, आणि पुरून झाल्यावर नवव्या दिवशी नुरूला खबर लागली.

जुलैच्या, ऐन हिवाळ्यातल्या एका रविवारी, चर्च सुटल्यावर, रझाकामामाच्या माडीवर बैठक बसली. सोळा-सतरा माणसं चटईवर. करपलेल्या भाताचं गरम पाणी पेल्यांतून फिरत होतं. बाहेर ऊन होतं, पण उबेचं नव्हतं. मामानं वहीतून सात नावं वाचली, प्रत्येक नावाला माना हलल्या.

"आणखी कुणाचं निघतंय का?"

"माझ्या आईचं," नुरू म्हणाली. "ती माझ्या स्वप्नात आली."

ललाऊ मावशीनं पेला खाली ठेवला.

"कधी?" मामानं विचारलं.

"परवा पहाटे."

"सांग."

नुरूनं हे मनात तीनदा घोळवलं होतं. "मी स्वयंपाकघरात गेले तर आई चुलीपाशी बसलेली. पांढरी शाल, डोक्यावरून नीट घेतलेली. तांदूळ निवडत होती. मी आत गेले तशी मान वर करून म्हणाली, नुरू, बाळा, किती दमलीस. बस. मग म्हणाली, मला तिकडे थंडी वाजते, मला घरी ने."

मग कोपऱ्यातून एक काका खाकरले. "माहाजंगात थंडी?"

"तिथं बकऱ्यासुद्धा सावलीत उभं राहून धापा टाकतात," दुसरा म्हणाला.

"आणि बाकुली तांदूळ निवडत होती?" मामानं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण भुवया वर गेल्या होत्या. "तिच्या हातचा भात खाऊन माझा दात पडलाय. खड्यानं. हा बघ." त्यानं तोंड उघडून दाखवलं. माडीवर हसू फुटलं. "दूध तपासणारीच पाणी घालायला लागली म्हणजे आम्ही कुणाकडे जायचं?"

नुरूचे कान तापले. ती मावशीकडे बघत राहिली.

ललाऊ मावशीनं तिचा हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पोरी, ही तुझी आई नव्हे. ही तुला हवी होती ती. तशी कुणी आपल्याकडे मेलेलीच नाही, तर आणायची कुठून?"

हसू थांबलं. खिडकीतून धुराचा एक पट्टा आत आला, उन्हात वळला आणि बाहेर गेला. नुरूला वाटलं, आता उठावं, जिना उतरावा, घरी जावं. ती उठलीच. पण जिन्याकडे न जाता चटईच्या मधोमध उभी राहिली आणि तिच्या तोंडून निघालं ते तिनं घोळवलेलं नव्हतं. पायरीवर बसून शेकडो वेळा ऐकलेलं होतं.

"मोठ्यांच्या आधी तोंड उघडते. दोष असेल तो माझ्याकडे, मान तुमच्याकडे. चिखल तुडवत आलेल्या पाहुण्याचे पाय बघू नयेत, तो कशासाठी आला ते विचारावं."

रझाकामामा ताठ बसला. चाळीस वर्षं त्यानं मुलीकडच्या बाजूनं भाषणं केली होती. अशा सुरुवातीला उत्तर न देणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

"विचारतो. पाहुणे कशासाठी आले?"

"या घरात एक मुलगी आहे असं कळलं. बाकुली नावाची. तिला मागायला आले."

कुणीतरी श्वास आत ओढला. मामा जरा वेळ गुडघ्यावर बोटं वाजवत राहिला.

"मुलगी आहे खरी," तो म्हणाला. "पण लपवत नाही. आमची मुलगी घरात टिकत नाही. दार उघडं दिसलं की चालली."

"माहीत आहे. त्या दारात मीच बसलेली असायची."

"स्वयंपाक येत नाही."

"मला येतो."

"बोलते फार. आणि नको तिथं."

"ते मी एकदा ऐकलंय. मुलाकडच्यांना आवडलं होतं."

मामाच्या ओठांचा कोपरा हलला. मग तो गंभीर झाला, कारण पुढचा प्रश्न खरा होता. "मुलीला विचारलंत का? तिला यायचंय का?"

नुरूला इथं म्हण सापडली नाही.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "ती मला भेटतच नाही. सगळ्यांना भेटते, मला नाही. तिला थंडी वाजते का, मला माहीत नाही. बहुतेक नसेल वाजत. पण जाताना तिनं मला कुठं विचारलं होतं, मामा? मी एकदा तिला न विचारता आणते. मला तिला मांडीवर घ्यायचंय. मी तिला पुरतानाही नव्हते."

"दादा," ललाऊ मावशी म्हणाली, "दे की मुलगी."

रझाकानं वहीचं पान उलटलं, पुन्हा सरळ केलं, आणि सात नावांखाली आठवं लिहिलं. लिहिताना वर न बघता म्हणाला, "चौथ्या वाक्यात घाई केलीस. तुझी आई तिथं थांबायची."

माहाजंगात नुरूला आणि बरोबर गेलेल्यांना तो ढोल वाजवणारा, आता म्हातारा, भेटला. त्यानं जागा दाखवली, खणायला स्वतः हात लावला, आणि आठवण म्हणून काही मागितलं नाही. समुद्र तिथून दिसत होता. नुरूनं तो पाहिला. तो खूप मोठा आणि तपकिरी होता, आणि त्याच्याकडे बघून काय करायचं असतं हे तिला कळलं नाही. परतीच्या वाटेवर बसच्या टपावर आई आणि आत नुरू. प्रत्येक घाटात डोळे मिटताना तिला वाटायचं, आता येईल. डोळ्यांसमोरून फक्त लाल डोंगर सरकत राहिले, झोपेत आणि जागेपणी सारखेच.

ऑगस्टातल्या ठरल्या दिवशी टेकडीवर तीन-चारशे माणसं होती. डुकराचं मटण घातलेल्या भाताच्या पराती फिरत होत्या, बँडवाले तुताऱ्या पुसत होते. दार उघडलं, सात जण बाहेर आले, आठवी, बसच्या टपावरून उतरवलेली, त्यांच्याशेजारी चटईवर. बायकांनी एकेकाला मांडीवर घेतलं. नुरूच्या मांडीवर बाकुली आली. नव्या रेशमातून ती भरल्या कॅनहून हलकी लागत होती. आजूबाजूला सगळ्या जणी बोलत होत्या: कुणाचं लग्न झालं, कुणाची गाय व्याली, धाकट्यानं शाळा सोडली. नुरूनं तीन वर्षांच्या, त्याआधीच्या वीस वर्षांच्या, सगळ्या गोष्टी आठवून ठेवल्या होत्या. आता त्यांतली एकही पुढे येईना. ऊन रेशमावर पडलं होतं आणि ते कोमट झालं होतं. तिनं त्यावर हात ठेवला.

"यंदा दूध पातळ आहे, आई," ती शेवटी म्हणाली. "पाऊस उशिरा झाला ना. गवतात दम नाही."

मग बोदोचं सांगितलं. मग हेरी ते वाक्य अजून म्हणतो ते. मग, आवाज जरा खाली आणून, की त्या दिवशी तिलाही हसू आलं होतं, पण ते दाखवायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

तोवर बँड सुरू झाला. खांदेकरी आले, त्यांच्या टोप्यांवर धूळ बसलेली, तोंडं लाल. बाकीचे सात जण खांद्यांवर चढून थडग्याभोवती फिरायला लागले होते.

"झालं का बोलून?" पुढच्यानं विचारलं.

"नाही."

"मग थांबू?"

नुरूनं रेशमाची गाठ एकदा चाचपली. "नको," ती म्हणाली. "उचला. मी चालता चालता बोलते."

त्यांनी बाकुलीला उचललं. ती खांद्यांवर तिरकी झाली, सावरली, आणि तुताऱ्यांच्या आवाजात पुढे निघाली. नुरू शाल सावरत तिच्यामागून चालू लागली आणि समुद्राचं सांगायला तिनं सुरुवात केली.