पेटीनं सांगितलं

मत गुप्त असतं, हे शाईवाल्यांनी आजवर निदान तीन हजार माणसांना शिकवलं असेल. मतदानाची यंत्रं यायच्या आधीच्या, कागदी मतपत्रिकांच्या काळात निवडणूक कचेरीत त्यांची नोकरी. मतदानाच्या कामाला जुंपलेल्या शिक्षकांना, कारकुनांना ते प्रशिक्षण द्यायचे आणि मतदानाच्या दिवशी मात्र हट्टानं बोटाला शाई लावायच्या खुर्चीवर बसायचे, म्हणून हे नाव. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा, की त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीला, आक्काला, त्यातलं अक्षरही पटत नव्हतं.

"मतपत्रिकांच्या वहीत नंबर असतो, नंबरासमोर आपली सही," आक्का म्हणायची. "जुळवायला कितीसा वेळ लागतो?"

"अगं, नंबर वहीत राहणाऱ्या तुकड्यावर. पेटीत पडतो तो कागद कोरा."

"तुला कोरा दिसतो. त्यांना दिसतो नंबर."

आणि तिच्याजवळ दाखला होता. एक्केचाळीस वर्षांपूर्वी तिचे यजमान, म्हणजे शाईवाल्यांचे भावजी, नगरपालिकेच्या पाण्याच्या पंपावर होते. कोरडी खोली, बसायला खुर्ची. निवडणुकीत त्यांनी नगराध्यक्षांच्या विरोधात मत दिलं. नगराध्यक्ष निसटते निवडून आले आणि महिन्याच्या आत भावजींची बदली झाली ती गावाबाहेरच्या गाळणीच्या टाक्यांवर, गुडघाभर पाण्यात उभं राहून वाळू खरवडायला. विचारायला गेले तर नगराध्यक्ष हसून म्हणाले, "मत कुणाला दिलंत ते आम्हाला कळत नाही असं वाटलं होय?" चार वर्षांत भावजींची छाती गेली, मग भावजी गेले. आईबापाविना पोरका झालेला धाकटा भाऊ आक्काकडेच असायचा. पुढे शिवणाचं मशीन चालवून तिनंच त्याचं शिक्षण पुरं केलं.

त्यानंतर आक्का मतदानाला गेली नाही ती नाहीच. वर कपड्यांची मापं घेता घेता गल्लीतल्या बायकांनाही तिनं शहाणं करून सोडलं. बायका मतदानाला जायच्या आणि नळाला पाणी येवो न येवो, खुर्चीवर जो असेल त्यालाच शिक्का मारून यायच्या. उगाच वाकड्यात कोण शिरणार?

शाईवाल्यांनी आक्काला नियम वाचून दाखवले, कचेरीतली पत्रकं आणून दिली. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पत्रकांचा तिनं कपडे बेतायचे नमुने कापायला उपयोग केला. शिकलेल्या माणसाची ही एक खोडच असते. समोरच्याकडे माहिती कमी आहे, ती ओतली की काम झालं, असं त्याला वाटतं. समजुतीची मुळं कुठवर गेली आहेत, हे बघायला तो वाकत नाही.

यंदाची निवडणूक शाईवाल्यांची शेवटची. दोन महिन्यांनी निवृत्ती. आक्काच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शाळेतलं केंद्र त्यांनी मुद्दाम मागून घेतलं होतं. एकदा, फक्त एकदा आक्काच्या बोटाला आपल्या हातानं शाई लावायची आणि तिच्या मनातली ती भीती काढून टाकायची, एवढंच त्यांना हवं होतं.

शुक्रवारी दुपारी ते बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन आक्काच्या खोलीत आले. झाकणाला फट पाडलेली. सोबत हातानं शिवलेली मतपत्रिकांची वही, थेट खऱ्यासारखी. शेजारच्या सहा बायका जमवल्या. उमेदवार तीन: चहा, कॉफी आणि सरबत. बायकांनी वहीत सह्या केल्या, पडद्याआड जाऊन खुणा केल्या, कागद डब्यात टाकले. शाईवाल्यांनी डबा खळाखळा हलवला आणि वहीसकट आक्कापुढे ठेवला.

"शोध आता. कॉफी कुणाची?"

आक्कानं चष्मा लावला. एकेक कागद उलटा केला, उजेडाशी धरला, वहीतल्या सह्या पाहिल्या. चार चहा, एक सरबत, एक कॉफी. बायकांना हसू आवरेना.

"अगं, कॉफीवाली कोण ती, बोल की!"

"मी का बोलू? गुप्त आहे!"

"आक्का, खरंच कळत नाही हो," नर्सबाई म्हणाल्या. दवाखान्यातून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांची जीभ अजून नोकरीत होती. "इतकी वर्षं उगाच घाबरून मेलो आपण."

बायका गेल्या. शाईवाल्यांना आनंद मावेना.

"आता तरी पटलं?"

"पटलं. पेटीतून कळत नाही."

"मग रविवारी येशील?"

"येईन." आक्का कागद गोळा करत होती. "पण मग नगराध्यक्षांना सांगितलं कुणी?"

"असेल कुणीतरी. भावजी बोलले असतील कामावर."

"कामावर हे तोंड उघडायचे नाहीत. मत देऊन आले आणि घरी जेवताना बोलले. ताटं तीनच होती."

शाईवाले हसले आणि ते हसू अर्ध्यावरच राहिलं. त्यांना सलून आठवलं. भावजी बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी शाईवाले तिथे केस कापायला बसले होते. वय सतरा. अभिमानानं, हो, अभिमानानंच, मोठ्यानं म्हणाले होते, "आमचे भावजी कुणाच्या बापाला भीत नाहीत. सरळ विरोधात शिक्का मारून आले!" शेजारच्या खुर्चीत एक माणूस तोंडाला फेस लावून, डोळे मिटून बसला होता. फेसाखाली कोण आहे, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. हे सगळं ते विसरले नव्हते, पण बदलीशी त्यांनी ते कधी जोडलंच नव्हतं. नंबराची गोष्ट खोटी, इथवर ते पोचले आणि तिथेच थांबले. मग खरं काय, हा पुढचा प्रश्न तीन हजार माणसांना शिकवणाऱ्या या माणसाला एक्केचाळीस वर्षांत पडला नाही.

"सलूनात शेजारी फेस लावून बसलेला... कोण होता तो?" त्यांनी विचारलं.

"नगराध्यक्षांचा मेहुणा. बदली झाली त्याच आठवड्यात सलूनवाल्याच्या बायकोनं मला सांगितलं."

"तुला तेव्हापासून माहीत होतं?"

"मग काय करायचं होतं मी? तुला कळलं असतं तर तू घरात राहिला नसतास. आणि ह्यांना कळलं असतं तर... भले होते रे, पण माणूसच होते. रोज भिजून घरी यायचे. मी म्हटलं, नंबर असतो, पेटीनं सांगितलं. पेटीला काही कुणी घराबाहेर काढत नाही."

"भावजींना खरं वाटलं?"

"वाटलं. म्हणून तर खोकत खोकत तुझा अभ्यास घ्यायला बसायचे." आक्कानं डब्याचं झाकण लावलं. "पुढे इतक्यांदा सांगितलं मी, की माझीच मला खात्री पटली. बरं चाललं होतं माझं. तू हा डबा घेऊन आलास."

शाईवाल्यांना रडू फुटलं. आक्कानं मशीन सुरू केलं, कारण रडणाऱ्या माणसाकडे नुसतं बघत बसणं तिला कधी जमलं नव्हतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आक्का केंद्रावर आली. ठेवणीतले कपडे, हातात चिठ्ठी. तिनं बोट पुढे केलं. सुईनं टोचून टोचून निबर झालेलं ते बोट शाईवाल्यांनी धरलं आणि इतकी शाई लावली, की ती नखावरून खाली ओघळली. आक्का आडोशामागे गेली. बराच वेळ लागला तिला. मग घडी घातलेला कागद पेटीत टाकून ती वळली.

रांगेत पुढेच नर्सबाई होत्या. त्यांना दम कुठला!

"काय आक्का, गेली ना भीती? मी तर आज मनासारखं मत देणार! पण एक सांगा, पेटी जर सांगत नाही, तर तेव्हा तुमच्या ह्यांचं मत फोडलं कुणी? घरातलंच कुणी होतं की काय?"

रांगेतल्या बायका ऐकायला पुढे सरकल्या. आक्कानं भावाकडे एकदाच पाहिलं.

"पेटीनंच फोडलं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "बिस्किटाचा डबा वेगळा आणि सरकारी पेटी वेगळी. नंबर असतो. आत्ता माझ्या डोळ्यांनी बघितला मी."

रांगेत कुजबुज सुरू झाली. शेवटच्या बाईपर्यंत ती गेलेली शाईवाल्यांना बसल्या जागी दिसली. केंद्राध्यक्ष म्हणून एक तरुण शिक्षिका होती, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. ती खुर्चीतून उठली.

"सर, तुम्ही सांगा ना यांना. गैरसमज तिथल्या तिथे दूर करायचा, तुम्हीच शिकवलंत आम्हाला."

आक्का दाराशी पोचली होती. शाईचं बोट कपड्यांना लागू नये म्हणून अंगापासून दूर धरून हळूहळू चालली होती. एक वाक्य बोललं की काम झालं असतं, आणि ते वाक्य शाईवाल्यांना तोंडपाठ होतं. समोर नर्सबाई उभ्या होत्या. शुक्रवारी गेलेली भीती त्यांच्या चेहऱ्यावर परत आली होती. त्या शाईवाल्यांच्याच तोंडाकडे बघत होत्या.

"बोट पुढे करा," शाईवाले म्हणाले.