आतोबांसाठी थांबलेली बोट

बाबांना घेऊन जहाज निघून गेलं आणि आत्या आणि मी धक्क्यावर राहिलो.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. मी लिहिलेलंही नाही. आत्ता दुपार आहे, जेवणं झालीत, जहाज जाडजूड दोरखंडांनी बेटाला बांधलेलं आहे, बाबा गोळी घेऊन केबिनमध्ये झोपलेत आणि कोणाचं काहीही बिघडलेलं नाही.

बाबा जागे असताना बरे असतात. झोपेत तर उत्तमच असतात. अडचण आहे ती या दोहोंच्या मधल्या वेळाची. गेल्या वर्षीच्या आजारपणापासून झोपेतून उठले की आपण कुठे आहोत हे त्यांना कळत नाही, आणि कळत नाही म्हणून ते शोधायला निघतात. एकदा शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात पाटावर बसलेले सापडले. शेजारीणबाईंनी घाबरून चहा करून दिला होता. एकदा कोपऱ्यावर उभ्या असलेल्या ट्रकमध्ये, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून. ट्रकवाला म्हणाला, "काही त्रास नाही हो त्यांचा. फक्त चावी मागतायत." तेव्हा आम्ही हसलो होतो, कारण तेव्हा आजूबाजूला जमीन होती.

डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. आत्यानं त्याचा अर्थ जहाज असा लावला. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करून निवृत्त झालेली. ती ठरवते, आम्ही बॅगा उचलतो.

आमच्या केबिनला गॅलरी होती. गॅलरीला कठडा होता, बाबांच्या कमरेइतका. कठड्यापलीकडे काही नव्हतं, म्हणजे समुद्र होता. म्हणून निघण्यापूर्वी आत्यानं गॅलरीच्या दाराची मूठ आणि कपाटाची मूठ सामानाच्या नायलॉनच्या दोरीनं एकमेकींना बांधली आणि वर गाठीवर गाठ मारली. मी बाहेरच्या दारावर 'कृपया त्रास देऊ नये'ची पाटी अडकवली, म्हणजे साफसफाईवाला येऊन बाबांना उठवायला नको. ही कल्पना माझी होती. मला तिचा अभिमानही वाटला होता.

"चहाच्या आत येऊ परत," आत्या म्हणाली. "त्याआधी तो उठत नाही."

जहाजाच्या शिडीपाशी गणवेशातल्या एका मुलीनं आम्हाला अडवलं. "आमच्या सहलीबरोबर जाताय का? सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतःचे स्वतः गेलात तर थांबत नाही."

"त्या सहलीत माणसं गाइडच्या छत्रीच्या मागून चालतात," आत्या म्हणाली. "आम्ही बसनं जाऊ. बसनं गेलेला माणूस बसनं परत येतो."

यात कुठे चूक आहे हे मला तेव्हा दाखवता आलं नाही.

बस बंदराच्या फाटकासमोरच मिळाली. ती बेटाच्या दुसऱ्या टोकाला एका लहान धक्क्यापाशी थांबली, आणि समोरच पाण्यात पलीकडच्या छोट्या बेटाकडे जाणारी फेरीबोट उभी होती. ड्रायव्हरनं बसला कुलूप लावलं, डोक्यावरची खाकी टोपी खिशात कोंबली, दुसऱ्या खिशातून निळी काढून घातली आणि बोटीत जाऊन सुकाणू धरलं.

"बोटही तुम्हीच चालवता?" मी विचारलं.

"टोपी बदलली की खातं बदलतं."

"आणि परतीची बस?"

"मी परत आलो की."

आत्याला हे फार आवडलं. "बघ, एकच माणूस आहे. म्हणजे चुकायची भीतीच नाही."

छोट्या बेटावर बघण्यासारखं एक दीपगृह होतं आणि ते दुरुस्तीसाठी ताडपत्रीनं झाकलेलं होतं. आम्ही ताडपत्री बघितली. आत्यानं गुडघा चोळला. मग परत निघालो.

परतीच्या बोटीला गर्दी होती. तिथला बाजार उठला होता आणि टोपल्या, पिशव्या, पेटी घेतलेला एक न्हावी, असं सगळं बेट आमच्याबरोबर निघालं होतं. आत्यानं आयुष्यभर जे केलं तेच केलं. बोटीत पाय पडायच्या आत तिनं बाकावर रुमाल टाकला. एका बाजूला ती बसली, दुसऱ्या बाजूला मी, आणि मधल्या रुमालावर तिनं आपला दुखरा पाय लांब केला.

बोटवाला माणसं मोजत आला. "बाई, ही जागा कुणाची?"

"येतायत."

"कोण?"

"आमचे हे."

इथे सांगायला हवं की आतोबा वारून बरीच वर्षं झाली. पण बसमध्ये ते अजून हयात आहेत. निम्म्या आयुष्याचा प्रवास आत्यानं त्यांच्या नावावर पाय पसरून केलाय, आणि आजवर एकाही कंडक्टरनं ते कधी येणार असं विचारलेलं नाही.

"बरं," म्हणून बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. "मग थांबू."

त्यानं वरच्या पत्र्याच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर लिहिलं होतं: *राखलेली जागा रिकामी असताना बोट सुटणार नाही.*

"एकदा एका बाईचा नवरा लिंबू आणायला उतरला होता," तो म्हणाला. "माझ्या वडिलांनी बोट सोडली. पुढची फेरी होईपर्यंत त्यानं इथेच दुसरा संसार थाटला. फार भांडणं झाली. तेव्हापासून नियम आहे."

आत्यानं पाय खाली घेतला आणि रुमाल उचलून कमरेला खोचला. "कोणी येत नाहीये. सोडा तुम्ही."

"रुमाल उचलला म्हणजे माणूस उचलला असं होत नाही, बाई."

"अहो, नाहीच आहे कोणी!"

"आत्ता तर होते," समोरची भाजीवाली म्हणाली. तिच्या आवाजात चौकशी होती. "भांडलात का?"

"वारलेत ते!"

मग भाजीवालीनं आपली टोपली जवळ ओढली. "रागाच्या भरात असं बोलू नये हो. कसाही असला तरी आपला माणूस आहे."

"खरंच वारलेत," मी म्हणालो. "बरीच वर्षं झाली."

"तू कोणाच्या बाजूचा आहेस ते दिसतंय," न्हावी म्हणाला.

तेवढ्यात लांबवरून, मोठ्या बेटाच्या पलीकडून, भोंगा ऐकू आला. तो आमच्या जहाजाचा होता. निघण्याआधी माणसांना बोलावण्याचा पहिला भोंगा. त्या भोंग्यानं झोपलेली माणसंही उठतात, हे माझ्या लक्षात आलं.

मी उडी मारून धक्क्यावर गेलो. तिकिटाच्या टपरीला वळसा घातला, शर्ट उलटा करून घातला, थोडा वाकलो आणि खोकत बोटीत परत आलो. "आलो बरं का," मी जाड आवाजात आत्याला म्हणालो आणि मधल्या जागेवर बसलो.

बोटवाल्यानं माझ्याकडे शांतपणे बघितलं. मग माझ्या रिकाम्या जागेकडे. "आणि तो मुलगा कुठे गेला?"

"कोणता?"

"आता दोघांसाठी थांबावं लागेल," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, नुसता हिशेब होता.

मी शर्ट सुलटा करून माझ्या जागेवर बसलो. कोणी हसलं नाही. आत्या जहाजाच्या दिशेला बघत होती. इथून जहाज दिसत नव्हतं, मधे अख्खं बेट होतं, तरी बघत होती.

"गाठ पक्की मारलीस ना गं?" मी विचारलं.

"दुहेरी मारलीये."

मग आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं. बाबांनी सगळी नोकरी पार्सल ऑफिसात काढली होती. दोरी कापायची नाही, सोडवून परत वापरायची, असा तिथला नियम. आमच्या घरात मिठाईच्या खोक्यापासून आजोळच्या गाठोड्यापर्यंत सगळ्या गाठी बाबांकडे जायच्या आणि ते बोलता बोलता, न बघता त्या सोडवायचे. शेजाऱ्यांचं घर ते विसरले, आपलं घर विसरले, कधी कधी मला विसरतात. बोटं काही विसरलेली नाहीत. आणि दार बांधलेलं असलं तर त्यांना पहिल्यांदा तीच गाठ दिसणार होती.

आत्या उठली. ती बोटवाल्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिनं हात जोडले. कोणापुढे हात जोडताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"दादा, माझा भाऊ जहाजावर एकटा झोपलाय. उठला की त्याला कळत नाही कुठे आहे ते. पाण्याकडे जाईल तो. तुमच्या पाया पडते, बोट सोडा."

बोटवाल्याचा चेहरा बदलला. त्याला खरंच वाईट वाटलं. "मग त्यांच्यासाठी तरी राग सोडा, बाई," तो म्हणाला. "हाक मारा यजमानांना. जवळच असतील कुठेतरी."

"हाक मारा, हाक मारा," सगळे म्हणाले.

आत्या बोटीच्या कडेला गेली. मग तिनं रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून, पदराला हात लावत, इतकी वर्षं जी हाक मारली नव्हती ती मारली.

"अहो! ऐकलंत का? लवकर या हो! मला भीती वाटतेय!"

रस्त्यावर कोणी नव्हतं. टपरीवरचा पत्रा वाऱ्यानं वाजला. आत्यानं पदरानं डोळे पुसले.

"आलो, आलो," कोणीतरी म्हणालं.

धक्क्याच्या खांबाआडून, जाळं विणत बसलेला एक म्हातारा गुडघ्यावर हात टेकत उठला. जाळं गुंडाळून काखेत घेतलं, सावकाश पायऱ्या उतरला आणि येऊन मधल्या जागेवर बसला. आत्या जागच्या जागी उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी तिला हाताला धरून बसवलं.

"कुठे होतात इतका वेळ?" भाजीवालीनं त्याला दटावलं.

"इथंच होतो."

"बाईमाणसाला असं रडवायचं असतं होय?"

"चुकलं," म्हातारा म्हणाला.

बोट सुटली. सगळ्या बोटीला बरं वाटलं. अर्ध्या पाण्यात आल्यावर म्हातारा माझ्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला, "मला पलीकडे जायचंच होतं. जागा नव्हती." आत्यानं त्याच्यासाठी थोडं सरकून घेतलं.

पलीकडे पोचल्यावर निळी टोपी गेली, खाकी आली. ड्रायव्हर शक्य तेवढ्या जोरात निघाला आणि प्रत्येक थांब्यावर थांबला, कारण प्रत्येक थांब्यावर कोणीतरी टोपलीसकट उतरत होतं. आत्या बसमध्ये बसली नाही. जागा होती, तरी दांडी धरून उभी राहिली. दुसरा भोंगा झाला. तिसऱ्याच्या वेळी आम्ही वळणावर होतो, आणि वळण संपल्यावर बंदर दिसलं.

जहाज आणि धक्का यांच्यामध्ये पाण्याची पट्टी होती. अगदी अरुंद. माणूस म्हणेल की टांग टाकली की पोचलो. आम्ही धावत काठावर पोचेपर्यंत तिच्यात अख्खी बस मावली असती.

आम्ही गॅलऱ्या शोधू लागलो. सगळ्या सारख्या, एकावर एक, खुराड्यांसारख्या. दारं बंद होती, फक्त एका गॅलरीचं दार उघडं होतं आणि पडदा बाहेर येऊन फडफडत होता. गॅलरीत कोणी नव्हतं.

"ती आपली नाही," आत्या म्हणाली. "आपला पडदा निळा आहे."

"सगळे निळेच आहेत, आत्या."

"आपली नाही म्हटलं ना!"

मी "बाबा!" म्हणून ओरडलो. वरच्या डेकवरच्या पुष्कळ लोकांनी आनंदानं हात हलवले.

बंदर कचेरीतले साहेब माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि बिनतारी यंत्रावर जहाजाला निरोप दिला. बराच वेळ खरखर झाली. मग उत्तर आलं.

"दारावर 'त्रास देऊ नये' अशी पाटी आहे म्हणतात," साहेब म्हणाले. "म्हणून हलकंच ठोठावलं. आतून उत्तर नाही."

"झोपलेत म्हणजे," मी म्हणालो.

"किंवा," साहेब म्हणाले आणि पुढचं त्यांनी गिळलं. "पाटी असताना दार उघडायचं तर नातेवाइकांची लेखी विनंती लागते. मी इथून वाचून दाखवतो. तुम्हाला उद्याच्या टपालबोटीनं पुढच्या बंदरात सोडू. लिहा. जरा कचेरीच्या भाषेत लिहा, घरगुती लिहिलेलं ते परत पाठवतात."

मी लिहिलं: दार उघडावे, गॅलरी बंद करावी, जवळ एक माणूस बसवावा. साहेबांनी ते यंत्रात एकेक शब्द सुटा करून वाचलं. खरखर झाली.

"पोचलं," ते म्हणाले. "परवानगी देणारे वरिष्ठ जेवायला बसलेत. उठले की बघतील."

आत्या खिडकीशी उभी होती. जहाज आता काड्यापेटीएवढं झालं होतं आणि त्यावरचं कोणतंच दार उघडं की बंद ते दिसत नव्हतं.

"अजून काही लिही," ती मागे न बघता म्हणाली. "वरिष्ठांची वाट बघायला लागणार नाही असं काहीतरी लिही."

कागदावर खाली थोडी जागा होती. मी लिहिलं:

महोदय, उपरोक्त प्रवासी, माझे वडील, हे सध्या निद्राधीन असल्याचे गृहीत धरण्यात यावे. सदर निद्रा ही आम्ही पुढील बंदरात प्रत्यक्ष हजर होऊन त्यांच्या उशाशी बसेपर्यंत, कोणत्याही खंडाशिवाय, वाढवून देण्यात यावी, आणि तोपर्यंत त्यांस जागे होण्यास मनाई करण्यात यावी, ही नम्र विनंती. तसदीबद्दल क्षमस्व.