उकळायची राहिलेली सुई

मित्रांनो, मी काचेची एक जुनी सिरिंज आहे. कारखान्यातून निघाले ती थेट वरवट बकालला, डॉक्टर भगवंतरावांच्या दवाखान्यात आले. तिथल्या लोकांचा गोळ्यांवर विश्वास नव्हता. "सुई देल्ल्याबिगर मी उठत नाई," म्हणत ते बाकड्यावर ठाण मांडत. डॉक्टरही हट्टी. प्रत्येक रोग्यानंतर मला वीस मिनिटं उकळायचंच, हा त्यांचा नेम. नर्स तानुबाईंनी एकदा घाई केली, तर डॉक्टर दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग जिल्हा परिषदा आल्या. लोकांनीच डॉक्टरांना निवडून दिलं आणि ते आरोग्य समितीचे सभापती झाले. पहिल्या वर्षी त्यांनी विहिरी साफ करवल्या, पटकीची लस गावोगाव पोचवली. खोटं कशाला बोलू, माणसं वाचली. पण पुढं हारांची चटक लागली आणि डोळ्यांपुढं आमदारकी नाचू लागली.

सुलतानपूरच्या पलीकडं एका वस्तीवर लसीचं शिबिर होतं. पहिली सुई साहेब, म्हणजे आमचे डॉक्टरच, स्वतः देणार होते. मजुरी करणाऱ्या जनकाबाईंनी आपली आठ वर्षांची चांगुणा पुढं केली. सकाळीच दुसऱ्या गावी माझ्या सुईनं एकाच्या गळवातला पू काढला होता. मला नुसतं धुतलेलं होतं. तानुबाईंनी नुकताच स्टोव्ह पेटवला होता.

"साहेब, पाणी कोमटच हाये अजून."

"फोटोवाला थांबून राह्यला, बाई. एका सुईनं काय होते? आणा इकडं."

मला तोंड असतं तर मी ओरडले असते. टाळ्या वाजल्या, फोटो झकास आला. आठवड्यात चांगुणाचा दंड काळा पडला आणि पंधराव्या दिवशी ती गेली. तानुबाईंनी नोकरी सोडली. साहेब आमदार झाले.

आता मी साहेबांच्या बैठकीत, काचेच्या कपाटात, मखमलीवर, त्या फोटोशेजारी असते. एकदा जनकाबाई वस्तीच्या विहिरीचा अर्ज घेऊन आल्या. फोटो पाहून जागीच थबकल्या.

"माही चांगुणा," एवढंच बोलल्या.

साहेब हसले. "तुही पोरगी हाये का? मोठी झाली असंन आता."

जनकाबाई अर्ज न देताच निघून गेल्या. मी कपाटात चकचकीत पडून होते आणि मला माझीच किळस आली.

मित्रांनो, मला मखमलीवर ठेवू नका. समोरचा माणूस कितीही मोठा असो, दंड पुढं करण्याआधी विचारा, "सुई उकळली का?" त्याला राग आला तर येऊ द्या. त्या दिवशी मांडवात तीनशे माणसं होती. बोलल्या एकट्या तानुबाई.