कंपनीचे आभार

मंदी आली की कात्री आधी कुठे लागते ते मला विचारा. साहेबांच्या गाड्यांना लागत नाही, त्यांच्या केबिनमधल्या गार हवेलाही लागत नाही. लागते ती शाळेतल्या रोबोटला. आमच्या रोबोटिक्स टीमचा खर्च पंप बनवणारी एक कंपनी उचलायची. दरवर्षी शाळा उघडली की त्यांचा माणूस यायचा, मुलांच्या मधोमध उभा राहून फोटो काढून घ्यायचा, आणि मोटरी, पट्ट्या, स्पर्धेचं शुल्क, सगळं मार्गी लागायचं. यंदा माणूस आला नाही, फोन आला. पलीकडची मुलगी इतकं गोड बोलत होती की ती नाही म्हणतेय हे कळायलाच मला वेळ लागला.

"मॅडम, मार्केट जरा स्लो आहे ना," ती म्हणाली.

"मुलं स्लो नाहीत हो आमची," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग मुख्याध्यापकांकडे जाऊन भांडले, कारण कुणाशीतरी भांडल्याशिवाय मला अन्न गोड लागलं नसतं. त्यांचाही नाइलाज होता. स्पर्धेचं शुल्क शाळा कसंबसं भरेल, सामानाचं मात्र तुमचं तुम्ही बघा, असं म्हणून त्यांनी समोरची फाइल उघडली. मी विज्ञान शिकवते. हवेतून मोटर कशी काढायची हे काही आमच्या अभ्यासक्रमात नाही.

मुलांना मी वर्कशॉपमध्येच सांगितलं. मागच्या वर्षीच्या मोटरी जळून गेलेल्या होत्या. नव्या रोबोटचा सांगाडा टेबलावर तयार होता, पण मोटरीवाचून तो नुसता स्टूलच होता.

आणि मग सोमवारी मायक्रॉनकाका आले.

हे काका त्याच कंपनीच्या टूलरूममधले, म्हणजे साचे-हत्यारं घडवणाऱ्या खात्यातले, जुने कारागीर. दर शनिवारी हौसेने मुलांना शिकवायला यायचे. एखाद्या पोराने पट्टी कापून आणली की ती डोळ्यासमोर धरायची आणि म्हणायचं, "छान. फक्त मायक्रॉनभर चुकलंय." मग ते पोर मुकाट्याने पुन्हा कानस घ्यायचं. म्हणून हे नाव. त्यांनीही मुलांना नावं ठेवली होती. एक 'उद्या', कारण त्याचं प्रत्येक काम उद्या व्हायचं. एक 'ठिणगी', जी सोल्डरचा धूर दिसला तरी टेबलाखाली जायची. आणि टीमची कप्तान 'वकीलबाई', कारण तिला स्क्रू उजवीकडे फिरव म्हटलं तरी ती आधी का ते विचारायची.

"आज सोमवार आहे काका," वकीलबाई म्हणाली.

"माहीत आहे. पैसे देता येत नाहीत तर निदान माणूस तरी देऊ, असं वर ठरलंय. आता रोज येणार मी."

पोरांनी त्यांना उचलायचंच बाकी ठेवलं. आठवडाभराने काका बगलेत एक खोका घेऊन आले. कोऱ्या मोटरी! "ह्यासुद्धा कंपनीने दिल्या," म्हणाले. मला आपल्या बोलण्याची लाज वाटली. त्या गोड आवाजाच्या मुलीला मी उगाच फटकारलं होतं.

आता आमच्या टीमची एक रीत आहे. कुणी काही दिलं तर ते बोलून दाखवायचं, मग ते दोन खिळे का असेनात. स्पर्धेला निघायच्या आधी शाळेच्या सभागृहात आम्ही रोबोट चालवून दाखवतो, आणि ज्यांनी मदत केली त्यांचं नाव आणि त्यांनी काय दिलं ते कप्तान माइकवरून सांगते. एकदा एका सुताराचं नाव राहिलं होतं. तो काही बोलला नाही, पण परत फिरकला नाही. तेव्हापासून मी ह्या बाबतीत फार कडक आहे. म्हणूनच आभार मानायला आणि कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला मी कंपनीत फोन केला. काकांचं नाव घेऊन म्हटलं, "तुमच्या ह्या माणसाला आमच्यासाठी रोज मोकळं ठेवलंत, फार मोठी गोष्ट केलीत."

पलीकडे तीच मुलगी होती. ह्या वेळी तिचा आवाज गोड नव्हता. "मॅडम, ते आता आमच्याकडे नाहीत. टूलरूमच बंद केली ना. सगळ्यांना हिशेब देऊन घरी पाठवलं."

मुलं वर्गात असताना मी वर्कशॉपमध्ये गेले. काका व्हाइसच्या जबड्यात पट्टी आवळून कानस मारत होते. मी दार लोटलं आणि सरळच विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

काकांनी कानस खाली ठेवली. "घरी माहीत नाही, बाई," एवढंच म्हणाले.

"म्हणजे? रोज सकाळी…"

"रोज सकाळी ती डबा देते, मी निघतो. पूर्वी कंपनीत जायचो, आता इथे येतो. संध्याकाळी घरी गेलो की ती विचारते, आज काय झालं. मी सांगतो, टूलरूममध्ये नवी पोरं आलीत शिकायला, आज 'उद्या'ने असं केलं, ठिणगी टेबलाखाली गेली. हसून हसून पुरेवाट होते तिची. शनिवारच्या पोरांची ही नावं पूर्वी घरी कधी सांगितली नव्हती. खोटं फारसं बोलत नाही मी. जागा तेवढी बदलतो."

"आणि ह्या मोटरी?"

त्यांनी कानस पुन्हा हातात घेतली. काय समजायचं ते मी समजले.

"काका, काकूंना बाहेरून कळलं तर?"

"त्याचीच तर धास्ती आहे." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "लग्न झालं तेव्हा तिने माझ्याकडे एकच मागितलं होतं. बरं-वाईट काहीही होवो, मला आधी तुमच्या तोंडून कळलं पाहिजे. तिच्या वडिलांनी दुकान विकलेलं तिच्या आईला शेजारणीकडून कळलं होतं. ते ती विसरलेली नाही. एवढा कार्यक्रम होऊ द्या बाई, मुलं स्पर्धेला गेली की त्याच संध्याकाळी सांगतो. तुम्ही फक्त बोलू नका."

मला राग आला आणि रडूही आलं. ज्याचं काम गेलं तो माणूस दुसऱ्यांच्या पोरांचं काम अडू नये म्हणून हिशेबाचे पैसे खर्च करतो आणि वर श्रेय कंपनीला देतो, ह्याला काय म्हणावं? मी गप्प राहायचं कबूल केलं. वकीलबाईने लिहिलेलं आभारांचं भाषण मात्र स्वतः वाचून घेतलं. त्यात कंपनीचा उल्लेख होता तो काढून टाकायला लावला. वकीलबाईने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, पैसे दिले नाहीत म्हणून. तिने मान डोलावली, आणि मी निर्धास्त झाले. जी मुलगी स्क्रूचंसुद्धा कारण मागते ती इतक्या सहज ऐकते, इथेच मला संशय यायला हवा होता.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. मी माइकची वायर सरळ करत होते. तिसऱ्या रांगेत एक अनोळखी बाई येऊन बसल्या. नीट विंचरलेले केस, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर कुतूहल.

"त्या कोण ग?" मी वकीलबाईला विचारलं.

"काकू! काकांना सरप्राइज. मी परवा स्वतः घरी जाऊन बोलावलं, काका इथे होते तेव्हा. म्हटलं, काकांची दर शनिवारची मुलं बोलावतायत." ती इतकी खुशीत होती की मला तिच्यावर ओरडता आलं नाही. मी काकांना शोधायला धावले. ते पडद्यामागे रोबोटची चाकं तपासत होते. मी सांगितलं तसे ते काकूंना गाठायला निघाले. पण तोवर पडदा सरकायला लागला होता.

वकीलबाईने एकेकाची ओळख करून दिली, काकांनी ठेवलेल्या नावांनीच. "हा उद्या." काकू हसल्या. आधी नुसत्याच हसल्या, मग हसू अर्ध्यावर थांबलं. "ही आमची ठिणगी." आता काकू पुढे झुकून पाहू लागल्या. "आणि मी वकीलबाई." काकूंनी पर्स घट्ट धरली. टूलरूममधली सगळी नवी पोरं त्यांच्यासमोर शाळेच्या गणवेशात उभी होती.

रोबोट झकास चालला. चेंडू उचलले, टोपलीत टाकले, टाळ्या पडल्या. मग आभार सुरू झाले. नवा सुतार, झेरॉक्सवाला, चहावाला, कुणीही राहिलं नाही. शेवटी वकीलबाईने कागद मिटला.

"बाई म्हणाल्या होत्या कंपनीचं नाव घेऊ नकोस. पण कुणाला विसरायचं नाही हेही बाईंनीच शिकवलंय. कंपनीने पैसे दिले नाहीत, पण मोटरी दिल्या. आणि आमच्या काकांना सोमवार ते शनिवार, सकाळपासून संध्याकाळपर्यंत आम्हाला दिलं. म्हणून काका, ही तुमच्या साहेबांना द्या." तिने एक पितळी पाटी पुढे केली. मुलांनी काकांची नजर चुकवून कोरली होती, 'कंपनीचे मनापासून आभार'. काका पाटीकडे पाहत राहिले. हात पुढे होईना.

काकू उठल्या. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग, म्हणून टाळ्या वाजल्या. त्या स्टेजवर आल्या, पाटी हातात घेतली, वाचली.

"अहो, टूलरूममधलं काम कधी सुटलं?" वकीलबाईच्या हातातला माइक चालूच होता.

"शाळा उघडली तेव्हा," काका म्हणाले.

"आणि मोटरी?"

"हिशेब मिळाला त्यातून."

"मला आधी सांगायचं ठरलं होतं आपलं."

"रोज ठरवून यायचो. तू दार उघडून विचारायचीस, आज पोरांनी काय केलं? तुझं तोंड बघितलं की मग तेच सांगत बसायचो."

काकूंनी डोळे पुसले, आणि लपवून नाही पुसले. वकीलबाईचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काकू, मला खरंच माहीत नव्हतं…"

"तुला कुठून माहीत असणार बाळ? माहीत होतं ते गप्प बसले." मी मान खाली घातली. काकूंनी पाटी तिच्या हातात परत दिली. "ही घासून पुन्हा कोर. कंपनीने काही दिलेलं नाही. ज्याने दिलं त्याचं नाव घाल. आणि शाळेत नको लावूस, मला आणून दे. माझ्या घरात लावायची आहे."

मग त्या काकांकडे वळल्या.

"उद्यापासून सकाळी काम शोधायचं. दुपारनंतर इथे यायचं, ही पोरं अर्ध्यावर टाकायची नाहीत. आणि आज घरी गेल्यावर मी खूप भांडणार आहे. बघा, मी तुम्हाला आधी सांगतेय."

"बरं," काका म्हणाले, आणि सगळ्या सभागृहासमोर लहान मुलासारखे रडायला लागले.