दिलेली पोर

शुमे आजी फाटकातून आत आली ती हातात लोण्याचं मडकं घेऊन, आणि माझं डोकंच फिरलं. नातीला न्यायला ये म्हणून निरोप धाडला होता मी, पाहुणचाराला नाही.

"बरी आहेस ना वर्कितू? पोरंबाळं, गुरंढोरं?"

"गुरं कुठली इथं? आजी, कुलनीचे कपडे बांधून ठेवलेत. कॉफी पी आणि दुपारच्या बसनं निघा दोघी."

"कुठं?"

"कुठं म्हणजे? घरी."

ती पायरीवर टेकली. "माझं घर तिचं कुठं राहिलं आता? दिली ना मी तिला."

अदामा शहरातल्या या बालगृहात मी मुलं सांभाळते. इथली मुलं परदेशी आईबापांकडं दत्तक जायची. कुलनीची आई तिला जन्म देतानाच गेली, बाप कुठं उलथला देव जाणे. आजीचं शरीर थकलं तेव्हा तिनं पोर इथं आणली. मग इंगर आणि पॉल नावाचं जोडपं आलं, कोर्टात उभं राहिलं, कोर्टानं पोर त्यांच्या नावावर करून दिली. पोरीला देशाबाहेर न्यायचा परवाना तेवढा बाकी होता, म्हणून ते दोघं आपल्या देशी परतले. आणि इकडं सरकारनं बाहेर मुलं देणंच बंद केलं.

अर्ध्यात अडकलेल्या मुलांचं काय, ते कुणी धड सांगेना. आज म्हणत, निकाल लागलेली जातील. उद्या म्हणत, कुणीच जाणार नाही. दोन पावसाळे सगळ्यांचा जीव टांगणीला. कुलनीचे पुढचे दात पडले, नवे आले. रविवारी फोनच्या पडद्यावर इंगर डोळे पुसायची, पॉल वेडीवाकडी तोंडं करून पोरीला हसवायचा. फोन ठेवला की ती विचारायची, "उद्या येतील?" मी म्हणायची, उद्या नाही, पण लवकर. खोटं बोलून बोलून मला माझीच किळस यायला लागली होती.

आता बालगृहच बंद होतंय. घरचं कुणी आलं तर मूल घरी, नाहीतर राजधानीतल्या सरकारी आश्रमात. तिथं एका खाटेवर तीन-तीन पोरं झोपतात आणि आजारी पडलं तर कुणी विचारत नाही. माझी बहीण तिथं स्वयंपाकाला होती, मला कुणी शिकवू नये.

आणि ही बाई म्हणे, दिली ना मी तिला.

दिली होती, ते खरंच. कोर्टाचं काम झाल्यावर तिनं त्या दोघांना गावी नेलं होतं, मीही सोबत होते. उंबराखाली पंच बसले. आजीनं पोरीच्या डोक्याला लोणी लावलं, तिला इंगरच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "ही तुझ्या पोटची. माझा हक्क सुटला." पंचांनी आशीर्वाद दिला. आमच्या गावाकडं असं दिलेलं पोर माघारी घेत नाहीत. ज्यांनी घेतलं त्यांनीच तोंडानं 'परत देतो' म्हणावं लागतं. इंगरला बिचारीला वाटलं, गाव किती छान निरोप देतंय. तिनं भराभर फोटो काढले.

"आजी, ते लोणी आणि ते पंच गेले खड्ड्यात," मी म्हटलं. "पोर आश्रमात चाललीय."

"मला काय ती जड झालीय?" आजीचा आवाज चिरकला. "धाकट्या भावानं घर शाकारून दिलंय, शेत तो बघतो. रोज दोन भाकऱ्या जास्त थापते मी, आणि कुत्र्याला घालते. पण शब्द गिळून तिला नेली तर गावात तिला कोण आपली म्हणेल? त्यांना विचार. ते परत देतो म्हणाले, तर पाठीवर घालून नेते बघ."

मी गिझावसाहेबांना गाठलं. बालगृह तेच चालवत. ते म्हणाले, कायदाही तेच सांगतो, त्या दोघांनी हक्क सोडल्याशिवाय पोर कुणाच्याच ताब्यात देता येत नाही. मग मी घेते, मी म्हणाले. "तुलाही नाही देता येत, वर्कितू."

फोन लावला. पोरीला मागच्या अंगणात पिटाळलं. गिझावसाहेब त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलले. ऐकता ऐकता इंगरचा चेहरा पांढराफटक पडला. मग ती एकेक शब्द सावकाश बोलली.

"काय म्हणते?"

"म्हणते, कुलनी आमची मुलगी आहे. आम्ही तिला कधीच सोडणार नाही. कितीही वर्षं लागू देत."

"अहो, सोडणं म्हणजे टाकणं नाही, सांगा तिला! पोरीला घर मिळतंय, आजी मिळतेय."

त्यांनी सांगितलं. इंगर नाही-नाही म्हणत मान हलवत राहिली. पॉलनं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, आम्ही तिला शब्द दिलाय. तीही रडत होती, तोही रडत होता. दोघं मनापासून बोलत होते, आणि मला तो फोन भिंतीवर फोडावासा वाटला.

आजीनं ते शब्द गिझावसाहेबांकडून पुन्हा एकदा ऐकले. मग ती उठली, डोक्यावरचं फडकं नीट केलं.

"बघितलंस? माणसं पारखून दिली होती मी."

लोण्याचं मडकं तिनं माझ्या हातात दिलं, पोरीच्या आईबापाकडं पोचतं कर म्हणाली. अंगणात कुलनी आडवी आली. काय म्हणाले ते, तिनं विचारलं. आजीनं तिचा गाल कुरवाळला.

"तुझी आई म्हणाली, तुला कधीच सोडणार नाही."

पोरगी अंगणभर नाचली. आजी मागं न बघता बसकडं गेली.

सोमवारी आश्रमाची गाडी आली. बाकीची मुलं भेदरून माझ्या अंगाला बिलगली होती. कुलनी मात्र धावत जाऊन पहिली चढली, खिडकी पकडून बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "काका, विमानतळ किती लांब आहे?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"लांब आहे," मी म्हटलं. "झोप तू गाडीत."