हात मागे

"ताबुचीबाई, हात मागे!"

कालपासून हे ऐकून मियोको ताबुचीचे कान किटले होते. शिकवणारा हिरोसे वयाने तिच्या मुलाहून लहान, पण आवाज मात्र हेडमास्तरांचा!

गावोगावी स्काउटसारखी बालपथकं चालवणाऱ्या हौशी मोठ्यांचं हे शिबिर डोंगरातल्या बंद पडलेल्या शाळेत भरलं होतं. इथली रीत अशी, की सगळ्यांनी मुलं व्हायचं आणि पाळीपाळीने एकाने प्रमुख. आज मियोको प्रमुख होती. समोर बँकेतले पोट सुटलेले कुसुमोतोसाहेब लहान मुलाच्या सोंगात खुशाल भात करपवत होते, आणि तिने ते नुसतं बघायचं होतं. नुसतं बघायचं म्हणे! सासूच्या आजारपणापासून नवऱ्याच्या मोज्यांपर्यंत सगळं जिने निस्तरलं, तिला हे जमणार कसं? वास सुटला तशी ती उठली, भाताचा डबा चुलीवरून उतरवला, लाकडं मागे ओढली.

"काकू, तुमच्या पथकातली पोरं लग्नातसुद्धा तुम्हालाच पुढे करतील," कुसुमोतो म्हणाले. सगळे खदखदून हसले. मियोकोही हसली, पण तोंड कडू झालं होतं.

नंतर तिने हिरोसेला गाठलं. "नापास करणार का मला?"

"असंच चाललं तर करावंच लागेल. भात करायला मुलांनी शिकायचंय, बाई. तुमचं शिकून झालंय."

यंदापासून नियमच झाला होता, शिबिर पास नसेल तर पथक बंद. तिच्या त्या कोळ्यांच्या गावात दुसरं कोणी पुढे येणारं नव्हतं. नवरा गेलेला, मुलगा ओसाकात, त्याचा फोन नववर्षाला. रविवारची पोरं गेली तर आठवड्यात उरणार काय? टीव्ही आणि मांजर. तेही शेजाऱ्यांचं!

शेवटच्या दिवशी पुन्हा संधी मिळाली. मियोको लांब पायरीवर जाऊन बसली, ती चक्क स्वतःच्या हातांवरच. भात खाली करपला, वर कच्चा राहिला. तिने ओठ घट्ट मिटून घेतले. सगळं आटोपल्यावर एवढंच विचारलं, "पुढच्या वेळी काय वेगळं कराल?"

"आता कसं!" हिरोसे म्हणाला, आणि त्याने तिला पास केलं. परतीच्या गाडीत ती एकटीच हसत होती. पथक वाचलं होतं!

पुढच्या रविवारी समुद्राच्या बांधावर तिने पोरांना सांगितलं, "आजची करी तुम्हीच करायची."

पोरं आधी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग भांडली, मग कामाला लागली. ती पाइनच्या झाडाखाली जाऊन बसली. आता हाक मारतील, मग मारतील, असं तिला वाटत होतं. सहोकोचं बोट कापलं, तर दुसऱ्या पोरीने पट्टी लावली. विस्तव विझला, तर पोरांनीच फुंकून पेटवला. करी पाण्यासारखी पातळ झाली, त्यावरही पोरं पोट धरून हसली. मग सगळ्यांनी वाढून घेतलं, अन्नाला हात जोडले आणि जेवायला सुरुवात केली.

मियोकोचं ताट कोणी वाढलंच नव्हतं.

यात कोणाचा दोष नव्हता. तिला ते कळत होतं, तरी कोणी हाक मारेल म्हणून ती जागची हलली नाही. पोरांनी भांडी घासली, पालथी घातली. मग सहोको टोपी शोधत झाडापाशी आली आणि दचकली.

"अगंबाई, काकू! तुम्ही इथंच होतात?"

"इथंच होते की."

"आम्हाला वाटलं, घरी गेलात! बघा ना, आम्ही सगळं आमचं आम्ही केलं. तुमची गरजच लागली नाही!"

"फार छान केलंत," मियोको म्हणाली. अगदी मनापासून म्हणाली, म्हणूनच तिला रडू आवरेना. पण ते बघायला सहोको थांबलीच नव्हती, ती केव्हाच खेळायला पळाली होती.